वाळूची करवंटी

सिरोंच्यात प्राणहितेच्या काठाजवळ एक घर होतं. घरात बोली तेलुगू. मुलगा मंचेरियालला कामाला, शनिवारी यायचा. सून आली ती चामोर्शीकडची, मराठी बोलणारी. तिच्या आंदणात दोन बर्नरची काचेची शेगडी होती. शेगडी खोक्यातून निघाली तेव्हा सासूनं आधी तिला हळदकुंकू लावलं. काळी चकचकीत काच आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन पितळी बर्नर. सासू म्हणाली, "आपल्या काळेश्वरासारखंच आहे गं, बिड्डा." गोदावरीच्या पलीकडे काळेश्वरमच्या देवळात एकाच शाळुंकेत दोन पिंडी आहेत, एक काळेश्वराची आणि एक मुक्तेश्वराची. बिड्डा म्हणजे बाळ. नव्या घरात आपल्याला कुणी बाळ म्हटलं, हे सुनेच्या मनात राहिलं.

सासूची भांडी घासायची रीत जुनी. मोरीजवळ नारळाची करवंटी आणि तिच्यात प्राणहितेची बारीक, चाळलेली वाळू. लोखंडी कढई, तवा, चुलीवर काळे झालेले गंज, सगळं ती त्या वाळूनं असं लख्ख करायची की शेजारणी पाहायला यायच्या. वाळू संपत आली की ती स्वतः नदीवर जाऊन आणायची, दुसऱ्या कुणाला सांगायची नाही.

2022 च्या एप्रिलात प्राणहितेचं पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचं पर्व, आलं. ते बारा वर्षांनी येतं आणि बारा दिवस चालतं. 13 तारखेपासून घाटावर माणसांची रीघ लागली आणि या घरातही पाहुण्यांची. कुणी हैदराबादहून, कुणी चंद्रपूरहून, कुणी नात्यातलं, कुणी नात्यातल्याच्या ओळखीचं. पहाटे चार वाजता चहा, मग भात, चारू म्हणजे आंबट सार, भाजी, पुन्हा चहा, पुन्हा भात. भाताची पेज उतू जायची आणि गरम काचेवर करपायची. चिंचेच्या चारूचे शिंतोडे त्यावर, फोडणीचं तेल त्यावर. रात्री पुसू, असं सून रोज म्हणायची आणि रात्री जागच्या जागी झोपून जायची. हा आळस नव्हता. बारा दिवस तीस-तीस माणसांचं रांधणाऱ्या बाईला आळशी म्हणायची माझी तरी छाती नाही. पण डागाला आपलं कारण कळत नाही. तो बसत जातो.

तेराव्या दिवशी पाहुणे गेले. सून दुपारी आडवी झाली ती उठेचना. सासूला तिची दया आली. पोरगी उठेल तेव्हा शेगडी आरशासारखी दिसावी, म्हणून तिनं करवंटी घेतली, पदर खोचला आणि काच घासायला बसली. कढईला लावते तोच जोर, तीच वाळू.

नदीच्या वाळूत गारगोटीचे कण असतात. ते काचेहून कठीण. लोखंडी कढईलाही ते ओरखडतात, पण कढईचं त्यानं काही बिघडत नाही. काचेवर उठलेला चरा मात्र तिथंच राहतो. सून उठली तेव्हा एका बर्नरच्या पुढं वीतभर लांब, पांढुरक्या रेघांचा पट्टा उमटलेला होता आणि करपलेलं अर्धंअधिक तसंच होतं.

"अत्तम्मा, काचेची वस्तू तुमच्या हाताला कळतच नाही. यापुढं माझ्या शेगडीला हात लावू नका."

सासू काही बोलली नाही. तिनं हात धुतले. संध्याकाळी मोरीजवळ करवंटी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सासू अंगणातल्या चुलीवर रांधू लागली. सुनेलाही मग शेगडी पेटवावीशी वाटेना. चूक झाली हे तिला त्याच रात्री कळलं होतं, पण सांगायचं कसं ते कळत नव्हतं. शेगडीवर वर्तमानपत्र आलं, त्यावर कांद्याची टोपली आली. मे गेला, जून गेला. दोघी एकाच चुलीवर आलटून पालटून बसायच्या, मीठ लागलं तर मीठ मागायच्या, बाकी काही नाही. सासूनं तिला बिड्डा म्हणणं सोडलं.

जुलैत गोदावरी आणि प्राणहिता दोन्ही फुगल्या. तालुक्यात नदीकाठच्या गावांतली माणसं हलवावी लागली. हे घर उंचावर होतं, पाणी आलं नाही, पण पाऊस थांबेना. अंगणातली चूल वाहून गेली आणि पडवीतलं सरपण आतपर्यंत भिजलं. आता शेगडीशिवाय गत नव्हती.

सुनेनं टोपली उचलली, कागद काढला, लायटर लावला. ज्योत पिवळी उठली, लांब, फडफडणारी. दहा मिनिटांत गंजाचं बूड काळं झालं आणि पाणी कोमटच राहिलं.

"सिलिंडरच खराब आलंय," सून म्हणाली.

सासरे खाटेवर बसून पाहत होते. ते म्हणाले, "सिलिंडरला कशाला दोष देता? तीन महिने कुणी शेगडीकडं पाहिलंय का?"

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ते दहा वर्षांचे असताना पोचमपल्ली गावाजवळ कलकत्त्याहून माणसं आली होती. जमिनीतून दगड झालेली हाडं काढत होती. गावातली पोरं दिवसभर तिथं उभी. एकदा एका पोरानं मदत म्हणून दगडावर हातोडा उचलला, तर त्या माणसानं त्याचा हात धरला. म्हणाला, दगड जाईल, पण त्याच्याबरोबर हाडही जाईल. तो प्राणी म्हणजे बारापासॉरस, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्रचंड डायनासोर. 1961 च्या सुमारास ती हाडं निघाली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेली आणि 1975 मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या नावानं त्याचं बारसं झालं. चौदा वर्षं.

"घाण आणि वस्तू यांत फरक करायला वेळ लागतो," सासरे म्हणाले. "जोरानं घासलं तर दोन्ही निघतात. डाग कितीही जुना असू दे, भिजवला तर सुटतो. चरा कालचा असला तरी जन्मभर राहतो. काचेचं तसं आणि माणसाचं तसं."

दोघी खाली पाहत होत्या. थोड्या वेळानं सून उठली, रेग्युलेटर बंद केला आणि शेगडी थंड व्हायची वाट पाहत बसली. ही काच कारखान्यात मऊ पडायच्या बेताला येईस्तोवर तापवून एकदम गार केलेली असते. म्हणून ती बळकट असते, पण तिच्या पोटात ताण साठलेला असतो. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं किंवा कडेला ठोका बसला, तर सगळी काच एका क्षणात दाणे दाणे होऊन पडू शकते. सून आधी त्या चऱ्यावरून नख फिरवत गेली. रेघा वरवरच्या होत्या, तडा नव्हता. तडा असता तर ती शेगडी तिनं पुन्हा पेटवली नसती, आणि कुणीही पेटवू नये.

तिनं कोमट पाण्यात भांड्याचा साबण कालवला आणि फडकं भिजवून काचेवर पसरलं. अर्ध्या तासानं वरचा चिकट थर सुटला. मग खायच्या सोड्याची दाटसर पेस्ट करपलेल्या कड्यांवर थापली, वर पुन्हा ओलं फडकं. सोडा वाळला की नुसती पांढरी पूड होते आणि काम करत नाही, म्हणून फडकं ओलंच ठेवायचं. पहिल्या खेपेला तपकिरी पाणी निघालं. दुसऱ्या खेपेला पापुद्रे सुटले. ते तिनं एका जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेनं, काच न टोचता, आडवं सरकवत काढले. एक डाग, बर्नरला अगदी खेटून बसलेला, तिसऱ्या खेपेलाही हलला नाही. तिचा हात तारेच्या घासणीकडं गेला. तिनं तो परत घेतला, पुन्हा सोडा लावला आणि तांदूळ निवडायला बसली.

बर्नर बाजूला काढून ठेवले होते, काळेकुट्ट, भोकं बुजलेली. सून ते साबणानं घासत होती, पण रंग उतरत नव्हता. सासू इतका वेळ दारात होती. ती न बोलता आत गेली, चारूसाठी भिजवलेली चिंच घेऊन आली आणि एक बर्नर हातात घेतला. पितळेला चिंच. देवाची समई ती आयुष्यभर तशीच घासत आली होती. चिंचेचा आंबटपणा पितळेवरचा काळा थर विरघळवतो, जोर लागत नाही. पाचेक मिनिटांत काळ्याखालून पिवळं पितळ वर आलं. भोकं तिनं झाडूच्या काडीनं एकेक करून मोकळी केली.

"मला हे माहीत नव्हतं, अत्तम्मा," सून म्हणाली. मग थोडी थांबून, "माझी शेगडी म्हणाले मी. ते चुकलं. तुम्ही माझ्यासाठी घासत होता."

सासूनं काडी धुतली. "रेघ दिसते ना अजून?"

"दिसते."

"हूं," सासू म्हणाली आणि दुसरा बर्नर घेतला.

तरीही ज्योत पिवळीच निघाली. तेव्हा सासऱ्यांनी शेगडी उलटी करायला लावली. जेटच्या पुढच्या नळीत कोळ्यानं जाळं विणून पांढरी पिशवी करून ठेवली होती. बरेच दिवस न वापरलेल्या शेगडीत असं कधी कधी होतं. गॅसला नीट जळायला त्याच्या पंचवीस-तीस पट हवा लागते, त्यातली बरीचशी याच नळीत मिसळते. वाट बुजली की ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. सुनेनं मऊ तारेला चिंधी गुंडाळून नळी साफ केली, जेटच्या बारीक छिद्राला मात्र सुई लावली नाही. सगळं बसवल्यावर जोडांवर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही. लायटर लावला. ज्योत निळी, ठेंगणी, एकसारखी.

त्या रात्री भात शेगडीवर झाला. बर्नरपुढचा पट्टा उजेडात नीट दिसत होता.

पाऊस ओसरला. घाटावरचा गाळ वाळला. एका सकाळी सून कुणाला न सांगता नदीवर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. तिनं वाळू उन्हात वाळवली, चाळली आणि परसातून एक करवंटी शोधून तिच्यात भरली. करवंटी मोरीजवळ जुन्या जागी ठेवली. मग लोखंडी कढई पुढ्यात ओढून घासायला बसली.

सासू बराच वेळ पाहत राहिली. शेवटी तिला राहवेना.

"असं नाही, बिड्डा," ती शेजारी बसत म्हणाली. "आधी बुडाकडून घे."