न विचारलेला ऐब

इस्लापूरच्या उन्हात मोटारीच्या हीटरचे काय काम? अब्बांच्या जुन्या अ‍ॅम्बेसिडरमधला हीटर गळू लागला तेव्हा आम्हा भावांना तेच वाटले. इंजिनात तापलेले पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये खेळते, पंखा त्यावरून वारा घालतो. एवढीच त्याची करामत. बंगालमधल्या उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ मध्येच बंद पडलेला, पार्ट मिळेना. आम्ही अंगणात बसून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या. गळती थांबली.

पुढे बहिणीच्या लग्नासाठी गाडी विकायची वेळ आली. गिऱ्हाईक हिमायतनगरचे. त्याने इंजिन पाहिले, टायर पाहिले. हीटरचे विचारले नाही. भाईजान म्हणाले, ज्याची गरजच नाही त्याचा ऐब कसला?

खरे तर आम्हालाही ते पटत होते. पण दुसऱ्याची गरज ठरवणारे आम्ही कोण? विकणाऱ्याने मालातला ऐब सांगावा, हा आपल्या शरीअतीतला व्यवहाराचा साधा दंडक. गिऱ्हाइकाने विचारले तरच, अशी अट त्यात नाही. शिवाय गरज नव्हती हेही खरे नव्हते. मे महिन्यात किनवटच्या रस्त्यावर इंजिन तापले की अब्बा काचा खाली करून हीटरच चालू करीत. इंजिनाची धग आत येई, आम्ही घामाने निथळत असू. पण काटा उतरे आणि गाडी घर गाठे.

आम्ही सांगून टाकले. त्याने चार हजार कमी केले. मंडपवाल्याची बाकी फिटेपर्यंत भाईजान आमच्याशी धड बोलले नाहीत.