तंबोऱ्यावर चंद्रहास पैगांका

'इंडो-जॅझ स्वीट' ही ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्या ह्या दहा जणांच्या संचाला 'दुहेरी पंचक' असे नाव होते. एका पंचकात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास आणि ड्रम. दुसऱ्यात स्वतः मेयर यांचे व्हायोलिन, शिवाय फ्लूट, सतार, तबला आणि तंबोरा. सतारीवर दिवाण मोटिहार होते, तबल्यावर मूळचे मुंबईचे केशव साठे. तंबोऱ्यापुढे जे नाव छापलेले आढळते ते रोमन लिपीतून मराठीत उतरवायचे तर 'चंद्रहास पैगांका' असे काहीसे होईल. प्रस्तुत लेख ह्या शेवटच्या नावाविषयी आहे. किंबहुना त्या नावातून गळाले असावे, असे मला दीर्घकाळ वाटत आलेल्या एका अक्षराविषयी आहे.

जॅझच्या जुन्या तबकड्या जमविणाऱ्या मंडळींत मूळ प्रत आणि पुनर्मुद्रण असा एक वर्णभेद पाळला जातो. माझ्या संग्रहात बहुतेक पुनर्मुद्रणेच आहेत. धाराशिवसारख्या गावी राहून, मराठीच्या अध्यापकाच्या वेतनात, याहून वेगळे घडण्याचा संभव नव्हता. परंतु पुनर्मुद्रणांचा एक लाभ असा की त्यांच्यामुळे श्रेयनामावली वाचण्याची सवय लागते. एका वेष्टनावर असलेला वादक दुसऱ्यावर दिसत नाही, एखाद्याच्या नावाचे स्पेलिंग बदलते, कोणाचे नाव मोठ्या टायपात जाते, तर कोणाचे तळाशी. ह्याच ध्वनिमुद्रिकेच्या अमेरिकी आवृत्तीवर संच हॅरियट यांच्या नावाने आला आणि मेयर 'दिग्दर्शक' झाले. वस्तुतः रचना मेयर यांच्या होत्या. ग्रंथसंपादनाची ज्याला आवड आहे त्याला येथे पाठभेदांचे एक आयते दालन सापडते.

केशव साठे यांचा माग ह्या वाटेने काढता येतो, आणि तो काढण्याजोगा आहे. हॅरियट-मेयर संचानंतर १९६७ मध्ये जर्मनीत निघालेल्या 'जॅझ मीट्स इंडिया'मध्ये ते मोटिहार यांच्या त्रिकुटात आहेत (येथे 'दिवाण'चे 'देवाण' झालेले दिसते). १९७२ च्या 'मॅजिक कार्पेट' ह्या ब्रिटिश गटात ते आहेत. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या आणि २००६ पर्यंत अप्रकाशित राहिलेल्या 'कोंकण डान्स'मध्ये, अमान्सिओ डिसिल्वा यांच्या गिटारीबरोबर, पुन्हा तेच आहेत. जॉन रेनबोर्न यांच्या १९७७ च्या लोकगीतांच्या तबकडीवरही त्यांचा तबला ऐकू येतो. एका मराठी माणसाचे हे काम मराठीत जवळजवळ अज्ञात राहिले, आणि परदेशांतील संग्राहकांना ते तोंडपाठ आहे. ह्या विसंगतीवर स्वतंत्र लेख होऊ शकेल. तरी साठे यांचे नाव शाबूत आहे, म्हणूनच त्यांच्या पाठोपाठ जाता येते. पैगांकांच्या पाठोपाठ कसे जावे?

मराठी किंवा कोकणी वाचकाला हे आडनाव पाहताच अडखळल्यासारखे होते. शेवटी 'र' हवा होता. 'पैगणकर', 'पैगावकर', किंवा गोव्याच्या काणकोण तालुक्यातील पैंगीण ह्या गावावरून 'पैंगीणकर'. शिवाय लंडनमध्ये हे अक्षर कसे गळाले असेल याची उपपत्तीही हाताशी आहे. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात शब्दान्ती येणारा 'र' उच्चारला जात नाही. त्या कानाने '-कर' ऐकले आणि त्याच कानाने लिहिले, तर '-का' उरणे स्वाभाविक आहे. लेखनिकाचा प्रमाद, श्रुतिजन्य, अंत्याक्षरलोप. पाठचिकित्सेच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना जे शिकवितो त्याचे याहून नेटके उदाहरण मला मिळाले नसते.

आणि तेथेच मी चुकलो. काही वर्षांपूर्वी साथसंगतीवरील एका व्याख्यानासाठी मी जे टिपण विद्यार्थ्यांना वाटले, त्यात 'चंद्रहास पैंगीणकर' असे सरळ छापले. कंस नाही, प्रश्नचिन्ह नाही. एका विद्यार्थिनीने ते आपल्या लघुप्रबंधात घेतले, आणि 'गोव्यातील पैंगीण येथील घराण्यातले' असे चार शब्द सद्भावनेने जोडले. मी छापलेल्या एका 'र'मधून एक गाव, एक घराणे आणि एक वंशवृक्ष उगवला. तिला दोष देण्याचे काही कारण नाही. माझ्या अंदाजाला तिने, शिष्येने द्यावा तेवढाच मान दिला होता.

उपपत्ती जितकी नेटकी तितकी ती आपल्याला फसवू शकते. त्याच नामावलीत 'मोटिहार' आहे, आणि त्याच्या शेवटचा 'र' जागच्या जागी आहे. जो कान एका नावातला 'र' ऐकू शकला नाही त्याने दुसऱ्यातला कसा ऐकला? यावर उत्तरे देता येतील, परंतु मी हा प्रश्नच स्वतःला विचारला नव्हता. कारण मला उत्तर हवे होते ते ठरलेले होते. तो वादक मला आपला हवा होता. ज्याला 'कर' लागला तो आपल्या नकाशावर आला, त्याला गाव मिळाले, भाषा मिळाली, आणि माझ्या संग्रहाला एक गोष्ट मिळाली. एका अन्यायाचे परिमार्जन करतो आहे ह्या समजुतीत मी त्या माणसाला एक नवे नाव बहाल केले होते. ज्या लंडनच्या लेखनिकाला मी मनोमन हसत होतो त्याने निदान एकच अक्षर गाळले असेल. मी अक्षर आणि गाव दोन्ही घातले.

आपल्या समीक्षेत नावाचा प्रश्न एरवी ज्या अंगाने येतो ते अंग येथे अपुरे पडते. रोलां बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध प्रथम इंग्रजीत छापला गेला तो १९६७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी साठे आणि मोटिहार जर्मनीतल्या त्या तबकडीवर वाजवीत होते त्या वर्षी. दोन वर्षांनी मिशेल फूको यांनी 'लेखक म्हणजे काय' असा प्रश्न करून नाव हे संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे, असे मांडले. ही मांडणी मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे आणि ती मला आजही बरीचशी पटते. परंतु लेखकाच्या नावाची सत्ता संपवावयाची तर आधी ती सत्ता असावी लागते. तंबोऱ्यावरच्या माणसाच्या नावाने कोणतीही संहिता बांधली जात नव्हती, कोणताही अर्थ रोखला जात नव्हता. त्याचे नाव गळाले तेव्हा कोणी मुक्त झाले नाही. फूको यांच्या अर्थाने ते नाव कार्यच करीत नाही. तरीही ते चुकीचे छापले गेले असेल तर काहीतरी बिघडले आहे, ही आपली खात्री कायम राहते. ही खात्री कशावर उभी आहे?

एक उत्तर असे की ज्याचे योगदान वेगळे ओळखता येते त्याला श्रेय द्यावे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील गोमंतकीय वादकांना अलीकडे जो न्याय मिळू लागला तो ह्याच तत्त्वाने. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तील (१९५१) तो ट्रम्पेट ऐकणारा कान विचारतोच की हे कोण. आणि चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हे उत्तर शोधले जाते. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ च्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' ह्या ग्रंथाने असे कितीतरी वादक नावानिशी परत आणले. तंबोरा मात्र ह्या तत्त्वात बसत नाही. त्याने वेगळे ऐकू येऊ नये हेच त्याचे काम. ड्रम आणि ट्रम्पेट सुरू झाले की तो थांबला असे वाटते, आणि तो थांबलेला नसतो. वादक बदलला असता तर तबकडी बदलली असती का? बहुधा नाही. मग ओळखता येणे ही श्रेयाची अट धरली तर पैगांकांना काहीच देणे लागत नाही.

मला हे मान्य करवत नाही, आणि त्याचे कारण जॅझमध्ये नसून तुळजापूरच्या वाटेवर आहे. आमच्या भागात लग्नानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे. नाईक निरूपण करतो, एक जण संबळ वाजवितो, आणि बाजूला एक तुणतुणेवाला उभा असतो. त्याची एकच तार रात्रभर एकच स्वर धरून असते. सकाळी घरातली माणसे नाइकाचे कौतुक करतात, संबळवाल्याच्या हाताचे करतात. तुणतुणेवाल्याला चहा मिळतो. परंतु तो आला नाही तर गोंधळ उभा राहत नाही, आणि त्याची बिदागीही कोणी बुडवीत नाही. म्हणजे व्यवहाराला त्याची उपस्थिती कळते, कौतुकाला कळत नाही. 'दुहेरी पंचक' ह्या नावाचेही तसेच आहे. तंबोरा वगळा, दुसरे पंचक चारांचे होते आणि संचाचे नाव खोटे पडते. त्याच्यावाचून जी मोजणी पुरी होत नाही, त्या मोजणीत त्याला धरणे एवढेच त्याचे मागणे असू शकते. त्यासाठी त्याने वेगळे ऐकू येण्याची गरज नाही.

परंतु धरणे म्हणजे सुधारणे नव्हे. ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केली. पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, हा इशारा त्या परंपरेने ग्रंथाच्या शेवटी जपला. हे वाचताना मला नेहमी एक अडचण जाणवते: शोधलेला पाठ आपण घेतो, शोधण्यापूर्वीचा पाठ कसा होता हे त्या पाठावरून कळत नाही. राजवाड्यांना १९०९ मध्ये, एकनाथपूर्व म्हणून मानलेली प्रत छापावीशी वाटली ती ह्याच अस्वस्थतेतून, असे मी समजतो. एकनाथांजवळ निदान प्रती होत्या. माझ्याजवळ एक वेष्टन होते आणि एक इच्छा.

नावांच्या बदलाची सवय आम्हाला आहे. माझ्या जुन्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद आहे, २०२३ नंतरच्या कागदांवर धाराशिव. पण तो बदल राजपत्रात आहे, तारखेसह आहे, आणि जुने कागद कोणी खरवडलेले नाहीत. माझा 'र' मात्र मूळचाच असल्याच्या थाटात छापला गेला होता.

लघुप्रबंधाची प्रत ग्रंथालयात गेलेली होती. त्या विद्यार्थिनीला बोलावून मी सर्व सांगितले. तिने शुद्धिपत्र चिकटविले: 'पैंगीणकर'ऐवजी 'पैगांका' वाचावे, पुढील चार शब्द गाळावेत. चिकटविताना तिने स्वतःच्याच परिशिष्टातले एक पान उलगडून माझ्यापुढे धरले. तुळजापूर तालुक्यातील एका गोंधळी संचाची ती नोंद होती. नाईक, नाव. संबळ, नाव. तुणतुणे, आणि पुढे नुसती रेघ. "सर, यांना मी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्या गावी गेली. तुणतुणेवाले घरीच होते. त्यांनी दोन नावे सांगितली, एक घरातले आणि एक आधार कार्डावरचे, आणि विचारले, "बाई, तुम्हांला कोणतं पायजे?" तिने दोन्ही लिहून घेतली, आणि कोणते आधी लिहायचे ते त्यांनाच विचारले.