माळ आणि झीज

जुन्या लेथला दुसरी गिअरबॉक्स बसवली, म्हणजे आटे बिनचूक पडतील का? लीडस्क्रू इंचाला 4 आट्यांचा असेल आणि जॉबच्या एका फेऱ्यामागे तो अर्धा फेरा फिरला, तर जॉबवर इंचाला 8 आटे पडतात. हे प्रमाण गिअरबॉक्स राखते. पण लीडस्क्रूच झिजला असेल, तर ती झीज जॉबवर उतरतेच.

साधकहो, गळ्यात माळ आली, वारी घडली, आणि घरी येताच हात पुन्हा शेजाऱ्याचा बांध कोरू लागला, तर दोष माळेचा की हाताचा? लोक माळेला हसतात. जाणता कारागीर मात्र नवी गिअरबॉक्स काढून टाकत नाही. झिजलेला लीडस्क्रू बदलतो. आपणही माळ उतरवू नये. कोरलेला बांध आधी पूर्ववत करावा.

रामकृष्णहरी.