पोटखराबा

चाकणजवळ आमची जमीन होती. सातबाऱ्यावर तिच्यातले अकरा गुंठे 'पोटखराबा' म्हणून लागलेले. म्हणजे पिकाला नालायक. कातळ, मुरूम आणि रुईची झुडपं. शनिवारी मारुतीला माळ करायची तर आजी तिथूनच रुईची पानं आणायची. पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली की तेवढं पान सोडायची. म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तिचं घर हाय ते." त्या अळीचं पुढं केशरी फुलपाखरू व्हायचं.

जमीन संपादनात गेली. मोजणीला आलेल्यांनी विहीर धरली, आंबे धरले, बांधावरची बाभूळसुद्धा धरली. रुई कुणी धरली नाही. 'ही राहिली' असं मीही म्हणालो नाही. सही केली. आता तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि त्याच पट्ट्यात माझा मुलगा कामाला आहे. तेव्हा कारखान्याला नावं ठेवायला मला तोंड नाही.

मनाची समजूत घातली होती, फुलपाखरूच ते, गेलं असेल उडून दुसरीकडं. ते खोटंही नव्हतं. रुईवरचं हे फुलपाखरू आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतं. पण पुढं मडेरा बेटाबद्दल वाचलं. अटलांटिक महासागरातलं हे पोर्तुगालचं बेट. कोबीवर येणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराचं एक भावंड फक्त तिथल्या डोंगरदऱ्यांत होतं. १९८६ नंतर ते कुणाला दिसलं नाही. त्याला 'दुसरीकडं' नव्हतंच.

बेट काही समुद्रातच असतं असं नाही. आमच्या वरच्या अंगाला, जुन्नरला, शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी उगवते. पावसाळ्यात तिला तांबडं, पिवळ्या ठिपक्यांचं, चांदणीसारखं फूल येतं. महाराष्ट्रातले मोजके कडे सोडले तर जगात ती कुठंच रानात उगवत नाही. कडा हेच तिचं बेट. पिकाच्या हिशेबानं तो कडाही खराबाच.

म्हणजे माझी समजूत खरी ठरली ती नशिबानं. आमच्या रुईवर मडेराच्यासारखं एखादं एका जागेचं फुलपाखरू असतं, तरी मी तशीच सही केली असती.

लोक म्हणतील, ज्याला माहीतच नाही त्याला दोष कसला? मलाही बरेच दिवस तसंच वाटलं. पण आजीला तरी कुठं माहीत होतं? त्या फुलपाखराचं नाव तिला ठाऊक नव्हतं, ते जगात किती ठिकाणी आहे हेही नाही. तरी तिनं पान सोडलं. माहिती नसताना कसं वागायचं, हे तिला कळत होतं. माझ्या हातात कागद होता, कागदावर 'खराबा' लिहिलं होतं, म्हणून मी बघितलंच नाही.

जमीन तशीही गेलीच असती. पण सहीआधी त्या अकरा गुंठ्यांत एकदा फिरून यायला अर्धा तास लागला असता. तेवढा मी दिला नाही.