निबंधाचे गुण आणि परीक्षकाचा न्याय

परीक्षकाने अन्याय केला असे ऐकले म्हणजे आपल्या मनात प्रथम वशिला किंवा जातीचा पक्षपात येतो. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालण्याची रीत ह्याच भयावर उपाय होय, आणि ती उत्तम आहे. परंतु ज्याच्या मनात लोभ नाही व द्वेषही नाही, अशा परीक्षकाच्या हातून अन्याय होतो की नाही?

अमेरिकेत सन १९१२ मध्ये स्टार्च व एलियट ह्या विद्वानांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती निरनिराळ्या शाळांकडे पाठविल्या. ती १४२ शिक्षकांनी तपासली. कोणी शंभरांपैकी ६४ गुण दिले, कोणी ९८. ह्याहून विलक्षण गोष्ट सर फिलिप हार्टॉग (हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते) व रोड्स ह्यांनी सन १९३५ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध केली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या, आणि वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच त्यांजकडून पुन्हा तपासून घेतल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले! सकाळची पायली सायंकाळी लहान झाली, तर धान्य घेणारा ओरड करील. गुण घेणाऱ्या मुलास मात्र ते कळतही नाही.

कित्येक शिक्षक म्हणतात, "मी दयेने चार गुण अधिक देतो." हे ऐकावयास गोड आहे. पण शिष्यवृत्ती एकच असेल, तर ते चार गुण दुसऱ्या मुलाच्या पदरातून गेले, आणि त्याची पत्रिका कदाचित परीक्षक थकल्यावर हाती आली असेल.

बरे, नियम कडक केला, प्रत्येक अशुद्ध शब्दास अर्धा गुण कापला, तर? मग वागणूक सर्वांशी सारखी होईल खरी. तथापि आपल्या गावच्या दुष्काळाविषयी स्वतः पाहिलेले लिहिणारा मुलगा मागे पडेल आणि पाठ केलेला निबंध उतरविणारा पुढे जाईल. म्हणून काय तोलावयाचे हे गठ्ठा सोडण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. शेवटची पत्रिका झाल्यावर पहिल्या दहा पुन्हा वाचाव्या, आणि दुसऱ्या शिक्षकासही वाचावयास द्याव्या. दोघांचे जमले नाही, तर मधला आकडा घेण्याची घाई करू नये. ६४ व ९८ ह्यांच्या मध्ये ८१ येतात. पण ते दोघांपैकी एकाचेही मत नव्हे. दोघांनी एकत्र बसून ती पत्रिका पुन्हा वाचावी.