शपथ आणि थाप

शाळेत असताना एका गुरुजींनी आम्हां सगळ्या वर्गाला चहा न पिण्याची शपथ दिली. चाळीस हात एकदम वर गेले. त्यांत माझाही होता. चौथ्या दिवशी मावशीकडे बशीभर चहा पुढे आला आणि मी तो प्यालो. त्या चहाची चव आज आठवत नाही. घरी येऊन आईला मारलेली थाप मात्र विसरता येत नाही.

अमेरिकेतील एका चळवळीविषयी वाचताना ती थाप पुन्हा आठवली. १९९३ साली टेनेसी राज्यात सदर्न बाप्टिस्ट पंथीयांनी 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम सुरू केली. खरे प्रेम वाट पाहते, असा त्या नावाचा अर्थ. लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळीन, अशा प्रतिज्ञेच्या कार्डावर मुलेमुली सही करीत. १९९४ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अशी दोन लाखांहून अधिक कार्डे मांडली होती. पुढे दुसऱ्या एका संघटनेने प्रतिज्ञेची खूण म्हणून चांदीची अंगठी आणली.

यात हसण्यासारखे काही नाही. आपले शरीर ही उधळायची वस्तू नव्हे, असे सोळाव्या वर्षी कुणाला वाटले तर ते चांगलेच आहे. प्रश्न आहे तो शपथेचा.

पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांना २००१ साली आढळले, की शपथेमुळे काही मुले खरोखरच अधिक काळ थांबली. पण शाळेत पुष्कळांनी शपथ घेतली, की तिचा जोर ओसरे. २००९ मध्ये जॅनेट रोझेनबॉम यांचा अभ्यास आला. पाच वर्षांनंतर शपथ घेतलेल्यांपैकी शेकडा ८२ जणांनी, आपण अशी शपथ घेतलीच नव्हती, असे सांगितले! त्यांचे वागणे शपथ न घेतलेल्या तशाच मुलांहून वेगळे नव्हते. फरक एवढाच, की संततिनियमनाची साधने ती कमी वापरीत. मला वाटते, ते स्वाभाविकच आहे. जे आपण करणारच नाही म्हणून सांगितले, त्याची तयारी कोण करील?

गांधीजींनी १९०६ साली ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे, चार मुलांचे वडील होते. त्या व्रताशी कुणाचा मतभेद असेल. पण ते त्यांचे स्वतःचे होते, पुष्कळ विचारांती घेतलेले. गर्दीत वर गेलेला हात आपला असतोच असे नाही.

संयम मला मोलाचा वाटतो. पण शपथ मोडण्यापेक्षा, ती मोडल्यावर घरी सांगायची चोरी व्हावी, हे मला अधिक वाईट वाटते. माझी नात आता पंधरा वर्षांची आहे. तिने कधी विचारले, तर मी तिला अंगठी देणार नाही. एवढेच म्हणेन : "बाळ, जे ठरवशील ते तुझे तू ठरव. आणि कधी पाऊल चुकलेच, तर थाप मारू नकोस. सरळ घरी ये."