'हो' म्हणण्याआधी

आपल्यापैकी बरीच मंडळी संगणकाच्या व्यवसायात आहेत आणि उरलेली त्यांच्या तक्रारी ऐकण्यात तरबेज आहेत! त्यामुळे या लेखातला प्रश्न संगणकाच्या पोटातून काढलेला असला, तरी तो कुणालाच परका वाटू नये. प्रश्न असा : जवळ नसलेली वस्तू देण्याचे वचन द्यावे का?

प्रत्येक प्रोग्रॅमला काम करायला मेमरी लागते. सी भाषेत ती 'मॅलॉक' या फंक्शनकडे मागायची. जागा असेल तर तिचा पत्ता हाती येतो, नसेल तर 'नल', म्हणजे स्वच्छ नकार. मग झालेले काम जपून ठेवायचे, वापरणाऱ्याला कल्पना द्यायची आणि शिस्तीत मागे फिरायचे, ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. एस्क्यूलाइट हा डेटाबेस तपासताना तर पहिली मागणी, मग दुसरी, मग तिसरी अशी एकेक मुद्दाम फसवून पाहतात. ही नकाराची तालीमच म्हणायची.

लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत मात्र असा नकार क्वचितच येतो. मागेल त्याला बहुधा 'हो' म्हटले जाते. खरी जागा प्रोग्रॅम तिथे काही लिहायला जातो तेव्हा दिली जाते. यात लबाडी नाही. बहुतेक प्रोग्रॅम मागतात त्याहून कमी वापरतात. लग्नाची तीनशे आमंत्रणे करून अडीचशे पानांचा स्वयंपाक सांगणारा यजमान खोटारडा नसतो, अनुभवी असतो.

पण सगळेच पाहुणे आले तर? तेव्हा लिनक्सचा 'ओओएम किलर' जागा होतो. तो चालू प्रोग्रॅमना गुण देतो. ज्याने मेमरी जास्त व्यापली त्याला सहसा जास्त गुण, आणि ज्याला सर्वांत जास्त गुण तो तिथल्या तिथे ठार! निरोप घ्यायलाही सवड नाही. शेवटची मागणी करणारा एक, मरणारा भलताच, आणि वचन देणारा तिसराच.

जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७८५ साली खोट्या वचनाचे उदाहरण घेतले होते : परत करता येणार नाहीत हे ठाऊक असताना पैसे उसने मागणारा माणूस. त्याचा दोष उघड आहे. इथे मात्र प्रत्येक वचन, एकेकटे पाहिले तर, प्रामाणिक आहे. खोटी आहे ती बेरीज. आणि बेरजेची जबाबदारी कुणीच घेत नाही.

ती घेतली तर काय होते? २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरताना यानाच्या संगणकाने १२०२ हा इशारा दिला. कामांसाठी राखलेल्या मेमरीच्या जागा संपल्या होत्या. पण अशा वेळी काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे हे आधीच ठरलेले होते. संगणकाने कमी महत्त्वाची कामे टाकली, यान उतरवण्याचे काम चालू ठेवले आणि अडचण लपवली नाही. यान सुखरूप उतरले.

आता आपल्या घरांकडे पाहू. 'डिसेंबरात नक्की येतो' असे आईला सांगतो, 'महिनाअखेर काम पूर्ण' असे साहेबाला, 'तुझी मॅच बघायला येणार' असे मुलीला आणि 'नाटकात काम करतो' असे मंडळाला. एकही वाक्य खोटे नसते. सगळी वचने एकदम वसुलीला आली की कुणाचा तरी बळी जातो. लिनक्स निदान सर्वांत जास्त जागा व्यापणाऱ्याला गाठतो. आपण बहुधा सर्वांत कमी तक्रार करणाऱ्याला गाठतो. 'असू दे रे, पुढच्या वर्षी ये,' असे फोनवर म्हणणारा आवाज कुणाचा असतो, हे सांगायला नको.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पण आपल्या भिडेची भीक पुष्कळदा दुसऱ्याच्या पदरात पडते.

प्रत्येक वेळी हिशेबी नकार द्यावा असे माझे म्हणणे नाही. तसे घर कोरडे होईल. थोडे जास्तीचे 'हो' हवेतच. पण लिनक्समध्येही एखाद्या प्रोग्रॅमला उणे १००० हा आकडा देऊन 'याला हात लावायचा नाही' असे आधीच सांगून ठेवता येते. आपल्या घरात तो आकडा कुणाच्या नावापुढे आहे, हे निवांत वेळी ठरवावे आणि बाकीच्यांना तसे मोकळेपणाने सांगावे. वेळेवर दिलेल्या नकाराने माणूस क्षणभर हिरमुसतो, पण दुसरी वाट शोधायला त्याच्या हाती वेळ उरतो.